सवयीची टाळी

“तर पाणी दुपारी दोनला सोडायचं,” पालिकेचे साहेब म्हणाले, थांबले, आणि माझ्या सासूबाईंनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

त्यांचं पाहून मागच्या बायकांनीही वाजवल्या. मी कपाळावर हात मारला. दुपारी आमच्या गल्लीत घरी असतं कोण? आम्ही दोघी उस्मानपुऱ्यात स्वयंपाकाची कामं करतो. पाण्याच्या दिवशी आळीपाळीनं दांड्या मारून एक घर हातचं गेलं होतं. दुसरंही जायच्या बेतात होतं.

सासूबाईंचा तरी काय दोष म्हणा! भागूबाई म्हणजे सभांचं हक्काचं माणूस. गल्लीत गाडी आली की चढायचं, पुढं बसायचं, नेता थांबला की टाळी. जन्म गेला त्यात. ही सभा मात्र नव्या तऱ्हेची. वॉर्डातल्या लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढलेल्या. ज्यांचं नाव निघालं त्यांनीच पाण्याची वेळ ठरवायची. सासूबाईंचं निघालं. मी नुसती सोबत आलेली, मला बोलायची मुभा नव्हती.

“अवो आत्या, दुपारी म्हणले ते!” मी कानाशी लागले.

“अगं बया! मग मी टाळी कामून वाजवली?”

“आता मलाच इचारा!”

“सगळ्यांना मंजूर दिसतंय,” म्हणत साहेब फळ्याकडं वळले.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“साहेब, थांबा जरा. माझी टाळी धरू नका.”

“का हो आजी?”

“सवयीची होती ती. तुमी थांबले, मी वाजवली. दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंबी नसतं, पाणी कोण भरंल? सकाळी सहाला सोडा.”

हॉलभर हशा पिकला. “माझीबी धरू नका!” मागून मनकर्णाबाई ओरडल्या. मग साहेबांनी हात वर करायला सांगितले. सकाळचे हात कितीतरी जास्त निघाले. फळ्यावर ‘सकाळी सहा’ लिहिलं गेलं तेव्हा मला रडूच यायला लागलं.

“चला आत्या, झालं आपलं काम,” मी पिशवी उचलली. साहेब तोवर रस्त्यावरच्या दिव्यांचं बोलायला लागले होते.

“बस खाली,” सासूबाई साहेबांवरची नजर न काढता म्हणाल्या. “आन् गप बस, मला ऐकू दे.”