नावापुढची तीन अक्षरं

मी बोलतेय ती एक पाटी. दारावरची नव्हे, दुकानावरचीही नव्हे. मोठ्या हुद्द्याच्या माणसांच्या टेबलावर तिकोनी लाकडाची नावाची पाटी असते ना, ती. जन्म फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराचा, सध्याचा मुक्काम कॅनडातलं विनिपेग. आणि विनिपेगमध्ये तरी कुठे, तर तळघरातल्या भाड्याच्या खोलीत. परवा-परवापर्यंत मी तिथल्या कपाटाच्या खालच्या खणात, एका लोकरी मोज्यात पडून होते. जोडीतला दुसरा मोजा कधीच हरवलेला. लोकांनी वाचावं म्हणून जिचा जन्म झाला, तिनं मोज्यात दिवस काढायचे, याला काय म्हणावं?

मूळची मी नारा झाडाची. लाकूड तांबूस, जड, वाळवीलाही दाद न देणारं. मला कोरलं नोंग आदोर नावाच्या कारागिरानं, आणि कोरून घेतलं तातायनं. ताताय म्हणजे माझ्या मालकिणीचा, रेमियाचा बाप, इग्मिद्यो पालमारेस. इलोइलोतल्या ला पाझ भागात बाजारासमोर त्याचं न्हाव्याचं दुकान. पोरगी हिशेबतपासनिसाच्या, म्हणजे सीपीएच्या सरकारी परीक्षेला बसली आणि हा दुसऱ्याच दिवशी आदोरकडे हजर.

"नाव कोर. रे. जा. पालमारेस. आणि पुढे सीपीए."

"अरे इग्मे, निकाल तर लागू दे! परीक्षा आहे ती. दाढी नव्हे, की बसला खुर्चीत आणि झाली."

"बरं, मग नाव कोर आणि पुढे जागा सोड. ऐसपैस सोड."

निकाल लागला आणि रेमिया नापास झाली. तातायनं मला तरीही दुकानात नेलं आणि आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी ठेवलं. गिऱ्हाइकं विचारायची, "नावापुढे एवढी मोकळी जागा कशाला रे?" तर हा कात्री चालवता चालवता म्हणायचा, "लाकूड अजून सुकतंय. सुकलं की कोरायचं." घरात त्यानं एका शब्दानं पोरीला बोल लावला नाही. रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा, मोकळ्या जागेवरून जरा जास्तच वेळ हात फिरवायचा.

पुढच्या खेपेला ती पास झाली. गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या फोटोचा कापडी फलक लागला आणि आदोरनं नवं पटाशीचं पातं काढून माझ्या मोकळ्या जागेत तीन अक्षरं कोरली. नावापेक्षा ती अंमळ खोल गेली आहेत. तातायनं मला खोबरेल तेल चोळलं, ऊर भरून आला म्हणून नाक शिंकरलं आणि भर दुपारी दुकान बंद करून घरी गेला. तेव्हापासून बाजारात रेमियाला रेमिया कुणी म्हणेना. मासेवालीसुद्धा ओरडायची, "ओ सीपीए, आज बांगडा ताजा आहे!"

मग मी सहकारी बँकेतल्या तिच्या टेबलावर गेले. काय दिवस होते ते! माणसं आत आली की आधी मला वाचायची, मग तिच्याकडे बघायची, आणि मग आवाज खाली यायचा. कर्ज मागायला आलेले बोलता बोलता मला उगाच सरळ करायचे. ती बँकेची मुख्य हिशेबनीस झाली, एल्मरशी लग्न करून देला तोरे झाली, पण परवाना माहेरच्या नावाचा, त्यामुळे मी होते तशीच राहिले. एक मात्र होतं. माझं तोंड सदा लोकांकडे. रेमियाला माझी पाठच दिसायची. आम्हा पाट्यांचं नशीबच असं, जिचं नाव मिरवायचं तिच्याकडेच पाठ करून बसायचं.

विनिपेगला यायचं खूळ एल्मरच्या बहिणीनं, मारिविकनं डोक्यात घातलं. "या गं इकडे, हिशेबाची माणसं मिळत नाहीत इथे." निघताना तातायनं मला दुकानातल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रेमियाच्या पर्समध्ये घातलं. म्हणाला, "टेबल मिळालं की आधी हिला ठेव. मग मला फोन कर."

टेबल काही मिळालं नाही. रेमिया अर्ज करत राहिली. कागद तपासायला पाठवले. इथल्या हिशेबतपासनिसांच्या संस्थेनं कळवलं की पुष्कळसे विषय पुन्हा द्यावे लागतील आणि तोवर ती तीन अक्षरं नावापुढे लावता येणार नाहीत. कायदा आहे तसा, आणि रेमियाला तो मान्यही होता. पण विषय द्यायला फुरसत हवी, फुरसतीसाठी धड नोकरी हवी, आणि नोकरीसाठी जो तो एकच विचारायचा, "इथला अनुभव आहे का?" इथे कुणी कामाला ठेवल्याशिवाय इथला अनुभव आणायचा कुठून, हे सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं. तिचं तोंड दुखलं, माझं लाकूड थंडीनं तडकायला आलं.

शेवटी ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात लागली. ओल्या चादरींचे ढीग उचलून खांदा धरला. घरी आली की हात वर करून केससुद्धा बांधता येत नसत, एल्मर बांधून द्यायचा. दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सोमवारी सकाळी ताताय दुकान उघडायचा, तेव्हा फोन व्हायचा.

"मिळालं का टेबल?"

"इस्पितळात आहे ताताय."

एवढंच ती बोलायची. त्यानं त्यावरून सगळ्या बाजाराला सांगून टाकलं, पोरगी कॅनडातल्या इस्पितळाचे हिशेब बघते. ती मूग गिळून बसली.

नोकरीसाठी सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे ती जायची. बाई मनानं चांगल्या. त्यांनी तिच्या माहितीचा कागद वाचला आणि पेन्सिल उचलली. "हे मुख्य हिशेबनीस काढून टाका. ही तीन अक्षरंही काढा. नुसतं लिहा, हिशेबाची कारकुनी कामं. कारकुनाच्या जागेसाठी एवढी शिकलेली बाई आली की लोक बिचकतात. म्हणतात, ही टिकणार नाही." रेमियानं घरी येऊन सगळं काढलं. कागद निम्मा झाला. मग माझ्याकडे बघितलं आणि मला मोज्यात घालून खण लावला. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. फार आला.

आणि गंमत बघा, कागद निम्मा झाला तशी फोनची घंटी वाजली. मालट्रकच्या एका कंपनीत बिलं तपासून नोंदवायला कारकून हवा होता. मुलाखत संगणकावर, घरबसल्या.

मारिविक म्हणाली, "अगं, किती दिवस डोकं फोडून घेणार आहेस? माझ्याबरोबर म्हाताऱ्यांच्या सेवेचा वर्ग कर. नोकरी पक्की. इथे सगळ्या तेच करतात. मी शाळेत शिकवत होते तिकडे, मरतेय का मी?"

"ही शेवटची," रेमिया म्हणाली. "ही नाही झाली तर तुझ्याबरोबर नाव घालते. मग आकड्यांचं नाव काढणार नाही."

मुलाखतीच्या सकाळी ती स्वयंपाकाच्या टेबलाशी बसली, वर जाकीट, खाली धुलाईखात्याची विजार. एल्मर शाळेची साफसफाई करून नुकताच परतलेला. भाबडा माणूस. ती केस नीट करत होती तेवढ्यात त्यानं मला हळूच खणातून काढलं, खोबरेल तेल चोळून चकचकीत केलं आणि तिच्या मागच्या फळीवर, बाळयेशूच्या मूर्तीशेजारी ठेवून दिलं. शकुन म्हणून. तिला सांगितलंही नाही. मी खूश! किती दिवसांनी उजेड, आणि तोंड थेट लोकांकडे.

समोर पडद्यावर कोवाल्चुक नावाचे गृहस्थ होते, हिशेबखात्याचे प्रमुख. मुलाखत रंगली. रेमिया हसली, तेही हसले. पोचपावती आणि बिल जुळलं नाही तर काय कराल, असं विचारलं तर ती अशी बोलत सुटली जशी बँकेत बोलायची. मला वाटलं, झालं काम.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मागे ती पाटी कसली? लाकूड सुंदर आहे. पालमारेस... सीपीए. कोण हे?"

रेमियानं मागे वळून पाहिलं. मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं सगळं. हो म्हणावं तर कागदावरून लपवलं कशाला, आणि नाही म्हणावं तर...

"ती माझ्या बहिणीची आहे," ती म्हणाली. "तिकडे असते ती."

"अरे वा! हुशार दिसते."

"हो. माझ्यापेक्षा पुष्कळ."

नारा लाकडाला वाळवी लागत नाही म्हणतात. त्या क्षणी मला आतून काहीतरी कुरतडून गेलं.

पडदा मिटल्यावर ती एल्मरवर तुटून पडली. "तुला कुणी सांगितलं होतं? कुणी सांगितलं होतं रे?"

"शकुन म्हणून ठेवली गं..."

"शकुन! माझ्याच तोंडानं मी मला पुसून टाकलं!"

तिनं मला फळीवरच पालथं घातलं. त्यानंतर त्या घरात फोन वाजला की दोघंही हातातलं टाकून धावायची.

तो फोन आला तेव्हा ती कामावर निघाली होती. एका पायात बर्फाचा बूट चढवलेला, दुसरा हातात. फोन टेबलावर ठेवून तिनं आवाज मोठा केला.

"मिसेस देला तोरे, तुम्ही आम्हाला आवडलात. अगदी मनापासून सांगतो. पण दुसरी एक मुलगी आली. पदवी आहे, पुढच्या परीक्षांनाही बसतेय. आमचे वरचे म्हणाले, पुढे चढू शकेल असं माणूस घेऊ."

"बरं," रेमिया म्हणाली.

"आणि हो, तुमच्या बहिणीचा इकडे यायचा विचार आहे का? उन्हाळ्यात आमच्याकडे एक मोठी जागा रिकामी होतेय. अशा माणसाशी बोलायला आवडेल मला."

तिच्या हातातला बूट खाली पडला.

"सर, मला बहीण नाही."

"काय म्हणालात?"

"मला बहीण नाही. पाटी माझी आहे. पालमारेस हे माझं माहेरचं नाव. ती परीक्षा मी दिलीय. एका बँकेचे हिशेब मी सांभाळलेत."

मग कोवाल्चुक म्हणाले, "मग तसं सांगितलं का नाहीत?"

"सांगतच होते. आल्यापासून सांगत होते. कुणी फोन केला नाही. काढून टाकलं, तेव्हा तुम्ही केलात."

त्यांनी सुस्कारा सोडलेला मला पालथं पडूनही ऐकू आला. "कळतंय मला. खरंच कळतंय. पण मी वर काय सांगू? हिशेबाचं काम आहे बाई. तिथे माणसानं एकदा खोटं सांगितलं की..."

"हो," रेमिया म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही तुम्हाला नाहीच म्हटलं असतं."

फोन बंद झाला. ती तशीच, एका बुटावर, जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. एल्मर दारात उभा. जवळ यायची त्याची हिंमत होईना.

त्या रविवारी तातायचा फोन. पडद्यावर दुकान दिसत होतं, खुर्चीत कुणी गिऱ्हाईक, तातायच्या हातात कात्री. हात आता थरथरतो त्याचा, पण कात्री सोडत नाही.

"काय गं, मिळालं टेबल?"

"नाही ताताय." "मी हिशेब नाही बघत. मी इस्पितळाच्या चादरी धुते. पहिल्यापासून तेच करतेय. पुढच्या महिन्यात म्हाताऱ्यांच्या सेवेच्या वर्गाला जाणार आहे. आणि परवा एका माणसाला मी सांगितलं, की पाटी माझी नाहीच."

कात्रीचा आवाज थांबला. म्हाताऱ्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाटी कुठाय?"

तिनं मला उचलून पडद्यासमोर धरलं. त्यानं मला वाचलं, अक्षर अन् अक्षर, ओठ हलवत. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं मान वळवली. "काय रे इग्मे, सीपीए काय म्हणते?"

"काही नाही," ताताय म्हणाला. "म्हणते, लाकूड अजून सुकतंय." आणि त्यानं पुन्हा कात्री चालवायला घेतली.

तर अशी मी. मोज्यातून सुटले, पण टेबल म्हणाल तर स्वयंपाकाचंच, भाताच्या कुकरशेजारचं. समोर मारिविकच्या वर्गाची पुस्तकं आहेत, आकडे कुठेच नाहीत. माझा जीव अजून टांगणीला आहे. इथून पुढे कधी मी खऱ्या टेबलावर जाईन असं छातीठोकपणे मला सांगता येत नाही.

तुमच्याकडे कधी कुणी परक्या देशातून आलेलं माणूस निम्मा कागद घेऊन आलं, तर एवढं करा. उरलेला निम्मा कुठे आहे, ते त्याला विचारा. त्यानं घाबरून बहिणीचं नाव सांगण्याआधी विचारा.

तातायशी बोलणं झालं त्या संध्याकाळी रेमियानं मला टेबलावर ठेवलं, आणि ठेवताना फिरवलं. आता माझी पाठ दाराकडे आहे आणि तोंड तिच्याकडे. रोज सकाळी बूट चढवता चढवता ती मला वाचते, शेवटच्या तीन अक्षरांवरून अंगठा फिरवते आणि चादरी धुवायला निघून जाते.