सून प्रार्थनेला जाते

सम्राटचा हात बायकोवर उठला की त्याची आई बनाबाई गोठ्यात जाऊन म्हशीखाली बसायची. चरवीत धारा जोरानं पडल्या की आतलं कमी ऐकू येतं, हे तिला चार वर्षांत कळून चुकलं होतं. कोडोलीतल्या त्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटलेली. शेजारच्यानं मिक्सर लावला तरी कळतो, मग माणूस भिंतीवर आदळलेला कळणार नाही होय? सगळ्यांना कळायचं. कळून सगळे आपापल्या कामाला लागायचे.

त्या गुरुवारी सकाळी निमित्त होतं फोनचं. प्रियदर्शनीनं न विचारता चंदगडला आईला फोन लावला होता. दारू पिऊन मारणाऱ्याला निदान दारूचा बहाणा असतो, सम्राट चहा पिऊन मारायचा. कमरेचा पट्टा काढायचा, दार लावून घ्यायचा आणि काम उरकून उसाचा ट्रॅक्टर घेऊन निघून जायचा. बाहेर त्याच्याइतका गुणी पोरगा शोधून सापडला नसता. थोरामोठ्यांच्या पाया पडायचा, यात्रेत पुढं असायचा, आईला 'आईसाहेब' म्हणायचा.

तो गेला की प्रियदर्शनी गोठ्यामागच्या बुटक्या भिंतीवरून पलीकडं जायची. पलीकडं एस्तेर सिस्टर राहायच्या. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, सोबत नवरा शांतवन सर, शाळामास्तर होते. अख्ख्या गल्लीत ख्रिश्चन घर तेवढं एकच. बनाबाईचा नवरा कृष्णात अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं हगणंमुतणं काढायला सख्खे भाऊबंद फिरकले नाहीत, सिस्टर रोज आल्या. बनाबाईनं सगळं करून घेतलं. पण सिस्टरनी चहा पुढं केला की तिला नेमका उपास असायचा, नाहीतर पित्त झालेलं असायचं. सिस्टरना हे कळत नव्हतं असं नाही. तरी दूध घ्यायला त्या भिंतीशी येऊन 'बनाबाई' म्हणून हाक मारायच्या आणि घटकाभर बोलून जायच्या.

आता सून तिथं रोज जाते म्हटल्यावर शेजारच्या चिमणाबाईच्या पोटात दुखणारच. त्या गुरुवारी तिनं भर गल्लीत विचारलं, सून त्या किरिस्तावांच्यात सारखी कशाला जाते? खरं काय सांगायचं? कपाळ फुटलंय, ते बांधून घ्यायला गेलीय? पोराची अब्रू जायची. बनाबाईच्या तोंडून निघून गेलं, "डोकं दुखतंय म्हणून प्रार्थनेला जाती. सिस्टर प्रार्थना करत्यात."

केवढं साधं वाक्य! बनाबाईला वाटलं, सुटले. पण हे वाक्य संध्याकाळी डेअरीच्या रांगेत पोचलं आणि तिथं होता हंबीरराव. गावातल्या पोरांचं मंडळ तो चालवायचा. त्यानं सम्राटला गाठून विचारलं, बायको बाटली काय रे? सम्राटला बायको कशासाठी जाते ते पक्कं ठाऊक होतं, जखमा त्याच्याच हातच्या होत्या. पण आयतं पांघरूण मिळालं तर कोण सोडतो? तो मान खाली घालून म्हणाला की लई दिवस चाललंय, घरात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मंडळाच्या पोरांना त्याची केवढी दया आली.

शनिवारी त्यानं प्रियदर्शनीचा हात दारात धरून दार ढकललं. हाड मोडल्याचा आवाज बनाबाईनं ऐकला. या खेपेला तिनं कानावर हात ठेवले. पोरगी कशीबशी भिंत ओलांडून गेली ती परत आलीच नाही. सिस्टरनी तिचा हात प्लास्टर करून आणला आणि भिंतीशी येऊन सांगितलं, "बनाबाई, मी तिला आता परत पाठवणार नाही. पुढच्या वेळी तो तिला जिवंत ठेवणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

बनाबाईनं उत्तर दिलं की तुम्ही आमच्या घरात पडू नका. बोलली खरी, पण रात्री दोनदा उठून भिंतीशी जाऊन आली.

रविवारी सकाळी ते सिस्टरच्या दारात आले. वीस-पंचवीस जण असतील. पुढं हंबीरराव, त्याच्या शेजारी सम्राट. पहिला दगड खिडकीच्या काचेवर बसला, दुसरा दारावर. शांतवन सर हात जोडून बाहेर आले आणि सांगायला लागले की पोरांनो, बसा, बोलूया. यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी पाढे शिकवले होते. एकानं त्यांच्या शर्टाची कॉलर धरली, दुसऱ्यानं काठी घातली. काठी डोळ्यावर बसली. सर खाली बसले तर लाथा सुरू झाल्या. म्हातारा माणूस, तोंड झाकावं की पोट झाकावं हे त्याला समजेना. कुणीतरी घरातल्या खुर्च्या, पुस्तकं, भांडी अंगणात फेकत होतं. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि एकाही दारातून माणूस बाहेर आला नाही.

बनाबाई भिंतीआडून बघत होती. आपल्या एका वाक्यानं हे केलं, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

सम्राटनं प्रियदर्शनीला केसाला धरून ओढत बाहेर आणली. प्लास्टरचा हात फरशीवर आपटत होता. एस्तेर सिस्टर धावत आल्या आणि पोरीच्या अंगावर पालथ्या पडल्या. मग सम्राटचा पट्टा त्यांच्या पाठीवर पडायला लागला. एक, दोन, पुन्हा. पोरीला घट्ट धरून त्यांनी एकदाच हाक मारली, "बनाबाई!"

दूध घ्यायला मारायच्या तशीच हाक. बनाबाईला राहवलं नाही. ती साडी खोचून भिंत चढली, पलीकडं पडली, गुडघा फुटला, तशीच उठली आणि गर्दीत शिरली. तिनं ल्योकाचा पट्टा धरला.

"आई, घरला जा," सम्राट म्हणाला.

"न्हाय जात." ती गर्दीकडं वळली. "ऐका समदी. माझी सून प्रार्थनेला जात न्हवती. मी खोटं सांगितलं. ह्यो तिला मारतोय. चार वर्सं मारतोय. डोस्कं फोडलं, बरगडी मोडली, काल हात मोडला. ती जखमा बांधून घ्यायला हितं येत हुती. आन् तुमास्नी ठावं न्हाय व्हय? चिमणाबाई, तुझी आन् माझी भिंत एकच हाय. तू न्हाय ऐकलंस?"

सम्राटनं आईच्या तोंडात मारली. जोरात. बनाबाई सरांच्या शेजारी जाऊन पडली, ओठ फाटून रक्त आलं.

तेव्हा कुठं गर्दी थांबली. आईवर हात टाकला म्हणून दोघातिघांनी सम्राटला धरलं, हंबीररावनं त्याला शिवीही दिली. बघा हा न्याय! बायको चार वर्षं मार खात होती तेव्हा कुणाचं रक्त तापलं नाही. म्हाताऱ्या मास्तराचा डोळा फुटला तेव्हाही नाही. आईच्या ओठातून रक्त आलं तेव्हा यांना धर्म आठवला. पोरं काठ्या टाकून एकेक करून पांगली.

हंबीररावनं बनाबाईला उठवायला हात दिला. मावशी, गैरसमज झाला, संध्याकाळी बसून मिटवू, असं तो समजावू लागला. बनाबाईनं त्याचा हात झिडकारला. सिस्टर सरांना घेऊन दवाखान्यात गेल्या आणि एका हातानं सुनेला धरून बनाबाई ठाण्यावर चालत गेली.

ठाण्यावरच्या हवालदारानंही तेच केलं. एकुलता एक पोरगा, उद्या म्हातारपणी पाणी कोण पाजणार, घरातलं घरात मिटवा, असं त्यानं बराच वेळ ऐकवलं. बनाबाई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पाणी मी हातानं घीन. तुमी लिवा. ल्योकाचं नाव लिवा, हंबीररावचं लिवा, ज्यांनी सरांस्नी मारलं त्यांचं लिवा. आन् खाली माझं बी लिवा, मी बघत हुते म्हणून."

शांतवन सरांचा डावा डोळा गेला तो गेलाच. सम्राट तुरुंगात गेला. हंबीरराव जामिनावर लगेच सुटून आला. प्रियदर्शनी चंदगडला आईकडं गेली, हात वाकडा जुळला, पण जिवंत आहे. गल्लीनं बनाबाईशी बोलणं टाकलं. पोटच्या पोराला आत घालणारी म्हातारी, असं तिच्या तोंडावर म्हणायला लागले. डेअरीत तिच्या दुधाला मुद्दाम फॅट कमी लावून भाव पाडायला लागले. तिला वाईट वाटायचं, कधी पोराच्या आठवणीनं रडायलाही यायचं. आई होती, दगड नव्हती. अशा वेळी ती सिस्टरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. सिस्टर चहा ठेवायच्या, ती प्यायची.

फाल्गुनातल्या एका दुपारी गल्लीच्या टोकाच्या हंबीररावच्या घरातून त्याच्या बायकोच्या ओरडण्याचा आवाज आला. मग काहीतरी आपटलं. पुन्हा ओरडणं. गल्लीत चिमणाबाई शेंगा फोडत होती, ती शेंगा फोडत राहिली. बनाबाई उठली. भिंतीवरून हाक मारली, "सिस्टर, चला." सिस्टरनी पायात चप्पल सरकवली. दोघी हंबीररावच्या दाराशी गेल्या आणि दोन्ही हातांनी दार वाजवू लागल्या. आत आवाज थांबला. बऱ्याच वेळानं हंबीररावनं दार जरासं उघडलं. घामाघूम झाला होता.

"काय काम हाय?"

"काम काय न्हाय," बनाबाई म्हणाली. "दार उघडं ठेव. आमी हितंच बसतोय."

आणि त्या दोघी त्याच्या पायरीवर बसल्या.