मी काहीच बदललं नाही

सोळा कीबोर्डांपैकी अकरांवर एस हे अक्षर सगळ्यांत आधी पुसलं गेलं होतं. निमिया ओवेलारने एकदा विद्यार्थी यायच्या आधी हातात फडकं घेऊन ते मोजलं होतं. स्पॅनिश लिहिताना ए आणि ई जास्त लागतात, म्हणजे झिजायला हवीत ती. पण कंट्रोल आणि एस दाबलं की फाइल सेव्ह होते, आणि या खोलीत दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य ऐकू यायचं: "फाइल सेव्ह केली का?" वाक्य तिचं होतं. म्हणजे ती अक्षरंही एका अर्थी तिनेच पुसली होती.

एन्कार्नासिओनच्या या तंत्रसंस्थेत वेबसाइट बनवायला शिकवत. त्यासाठी एक फ्रेमवर्क ठरलेलं होतं. फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडा. भिंती, दारं आपण बसवायची. शिकवायला दुसरी माणसं होती. निमियाचं काम अडलेल्यांना सोडवायचं. कुणीतरी हात वर करी, ती खुर्चीमागे जाऊन उभी राही, लाल अक्षरांतला एरर वाचून दाखवी. एररमध्ये काय चुकलं ते बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असे. पण लाल रंग दिसला की माणसं वाचायचं सोडून देत.

त्याआधी ती दूधसंघाच्या प्रयोगशाळेत होती. ती प्रयोगशाळा दुसरीकडे हलली, तेव्हा एक वर्षापुरती म्हणून ती इथे आली, त्याला सात वर्षं झाली. सुरुवातीला सवयीने तिने सहा महिने चुकांची नोंद ठेवली होती. शंभरातल्या एकतीस जणांनी फाइल सेव्ह केलेली नसायची. बावीस जण नवं पान बनवून त्याचा पत्ता यादीत घालायला विसरायचे. सतरा जण तक्ता बदलायचे आणि तो बदल डेटाबेसपर्यंत पोचवायचेच नाहीत. मग मोठ्या लिपीतलं अक्षर, राहिलेला कंस, चुकीच्या खिडकीत चालू असलेला सर्व्हर. तिला सगळे प्रोफे, म्हणजे शिक्षिका, म्हणत, आणि या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "प्रोफे, मी काहीच बदललं नाही. काल चालत होतं." ते वाक्य कधीच खरं नसायचं. सातव्या महिन्यात तिने नोंद ठेवणं बंद केलं, कारण आकडे हलेनात.

दर तुकडीच्या मध्यावर एक यादी निघे. ज्यांना हे जमणार नाही म्हणून तुकडीतून काढायचं, त्यांची नावं. संस्थेचे संचालक डॉन एवेलियो रिकेल्मे तिला 'हलकं करायची यादी' म्हणत. नावं निमियाने सुचवायची, सही तिने करायची. यादी दिली की ते दरवेळी विचारत, "पुढच्या तुकडीला तुझंच नाव लिहितो, निमिया, काय?" आणि ती दरवेळी म्हणे, "बघू." ही नोकरी सोडायची हे तिने तीन वर्षांपूर्वीच मनात ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण सकाळी उठून कुठे तरी जायला हवं असतं, आणि पायांना हा रस्ता पाठ झाला होता.

या मे महिन्यातल्या यादीत चार नावं होती. तिघांनी येणंच सोडलं होतं. चौथं नाव साटुर्निना बेनितेस, वय छप्पन्न, वस्तीतल्या दवाखान्यात नोंदणीला बसणारी बाई. तिला सगळे न्या साटू म्हणत, म्हणजे साटूबाई. दवाखान्यात आता कागदी वही जाऊन कॉम्प्युटर येणार होता. ज्या कारकुनाकडे हे प्रमाणपत्र असेल त्याची जागा राहणार, नसेल त्याची बदली दोन बस बदलून जावं लागेल अशा ठिकाणी. न्या साटूच्या घरी अंथरुणाला खिळलेली बहीण होती आणि दुपारी तिला जेवायला घालायला दुसरं कुणी नव्हतं. हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं.

तिचा प्रकल्प साधा होता. माणूस दवाखान्यात आला की त्याचं नाव टाकायचं, आल्याची वेळ प्रोग्रामने आपोआप टिपायची. पहाटे चारपासून रांग लागे, आणि कोण आधी आलं यावरून रोज भांडण. मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं. मग आल्याची वेळ चुकायला लागली. मदत हवी असेल तर फॉर्म भरायचा असा नियम होता. न्या साटूने तीनदा फॉर्म भरला, तिन्ही वेळा शेवटी लिहिलं की मी काहीच बदललं नाही. निमियाने तिन्ही वेळा उत्तर दिलं की काहीतरी बदललं असणार, मागे जाऊन बघा. न्या साटू मागे गेली. तिने सगळं पुसून पहिल्यापासून लिहिलं. दोनदा. वेळ चुकतच राहिली.

गुरुवारी दुपारी बारापर्यंत यादी द्यायची होती. निमियाने नाव लिहिलं, सही मात्र केली नाही. नावापुढे कारणाचा रकाना होता, आणि तिथे 'आकलन कमी' असं ठोकून देण्याऐवजी एकदा प्रत्यक्ष चूक बघून लिहावी असं तिला वाटलं. दयेने नव्हे. प्रयोगशाळेत न मोजलेला आकडा लिहीत नसत, एवढंच.

न्या साटू नवव्या मशीनवर बसली होती, खांद्यावर शाल, मांडीवर रुमालात गुंडाळलेला चिपा, चीज घातलेला पाव. निमिया शेजारी खुर्ची ओढून बसली तशी ती जरा दचकली. सात वर्षांत निमिया खुर्ची ओढून फारशी बसली नव्हती.

"आज खुद्द प्रोफे आल्या," ती म्हणाली. "म्हणजे माझी घटका भरली म्हणायची."

"दाखवा काय होतंय ते."

न्या साटूने एक खोटा रोगी नोंदवला. नाव तिने 'माझा दिवंगत नवरा' असं टाकलं. निमियाने वर बघितलं.

"दुसऱ्या कुणाचं नाव टाकवत नाही हो. हा आयुष्यभर उशिराच यायचा. या मशीनमध्ये तरी लवकर येतोय."

पडद्यावर नाव आलं, पुढे आल्याची वेळ: नऊ वाजून बारा मिनिटं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

निमियाने फाइल सेव्ह केली का विचारलं नाही. तिने कोड उघडला आणि ओळीने वाचत गेली. तिला वाटलं होतं दहाव्या ओळीत काहीतरी सापडेल. काही सापडलं नाही. जिथे वेळेचा विभाग, म्हणजे टाइम झोन, सांगायचा असतो तिथे न्या साटूने देशाच्या राजधानीचं नाव, आसुन्सिओन, लिहिलं होतं, पुस्तकात सांगितलं होतं अगदी तसं. बाकीच्यांनी ती ओळ जशी आली तशी ठेवली होती. त्यांची दुकानं आणि खानावळी होत्या, त्यांना वेळेशी देणंघेणं नव्हतं. निमियाने पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. या खेपेला बोट पडद्यावर ठेवून. कंस पूर्ण होते. नावं जुळत होती. कोड नीटनेटका होता, तिला मान्य करायला नको वाटेल इतका.

"तुम्ही मार्चमध्ये नक्की काय केलंत?"

न्या साटूने पिशवीतून वही काढली. दवाखान्याची असते तशी, लांबट, रेघा आखलेली. फेब्रुवारीपासूनचा प्रत्येक बदल त्यात होता: तारीख, वेळ, काय लिहिलं, काय दिसलं. अक्षर गोल आणि सारखं. एकवीस मार्च, शुक्रवार: सर्व बरोबर. चोवीस मार्च, सोमवार: आल्याची वेळ एक तास कमी. मी काही बदललं नाही.

निमियाने ती ओळ पुन्हा वाचली. अशी वही तिच्या प्रयोगशाळेतही सगळ्यांची नसे. ही वही आणा, असं ती फॉर्मच्या उत्तरात एकदाही म्हणाली नव्हती.

"मला तर काय वाटतं सांगू?" न्या साटूने चिपाचा तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. "हे मशीन अजून गेल्या हिवाळ्यातच राहतंय. माझ्या आजीसारखं. तिला कुणी वेळ विचारली की ती म्हणायची, कुणाची, आपली की तिकडची?"

तो प्रश्न एन्कार्नासिओनमध्ये सगळ्यांच्याच घरी होता. नदीच्या पलीकडे पोसादास, पूल ओलांडला की दुसरा देश. उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, हिवाळ्यात इकडची एक तास मागे. इथला हिवाळा वर्षाच्या मध्यावर येतो, म्हणून मार्चच्या चौथ्या रविवारी इकडे घड्याळं मागे घेत. निमियाची आई पलीकडे शिवणकामाला जायची, तेव्हा ती हिवाळाभर दोन घड्याळं घालायची, डाव्या हातात आपलं आणि उजव्या हातात तिकडचं. गेल्या ऑक्टोबरात कायदा झाला की यापुढे घड्याळ मागे घ्यायचं नाही. या मार्चमध्ये पहिल्यांदाच कुणी घेतलं नाही. तेवीस मार्चला, रविवारी.

निमियाने कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं. विभागाच्या जागी आसुन्सिओन नव्हतं, ब्युनोस आयरेस होतं, नदीपलीकडच्या देशाची राजधानी. ती उठली आणि दहावं मशीन बघितलं, मग अकरावं. सगळीकडे ब्युनोस आयरेस.

आता सगळं ओळीने लागलं. ही मशीनं जुनी होती, त्यांच्यात बाहेरून नवीन काही उतरवत नसत. कोणत्या देशाची वेळ कधी बदलते याचा तक्ता त्यांच्या पोटात होता, आणि त्या तक्त्याला नवा कायदा माहीत नव्हता. चोवीस मार्चला सोळाही घड्याळं एक तास मागे पडलेली दिसली असणार. कुणीतरी नदीपलीकडची वेळ लावून ती सरळ केली. कोपरा बरोबर दिसायला लागला. पण न्या साटूचा प्रोग्राम प्रामाणिकपणे आसुन्सिओनची वेळ विचारत होता, आणि जुना तक्ता त्याला दरवर्षीसारखा हिवाळा सांगत होता.

न्या साटूने काही बदललं नव्हतं. या वर्षी देशानेही काही बदललं नव्हतं, आणि चूक नेमकी त्यातूनच आली होती.

निमिया पुन्हा खुर्चीत बसली. तिला आनंद व्हायला हवा होता. असं काही सापडलं की पूर्वी व्हायचा. नुसतं जड वाटलं.

"न्या साटू, चूक तुमची नव्हती," ती म्हणाली. "तुमचं मार्चपासून बरोबरच होतं. मशीनमधला तक्ता जुना आहे. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही."

न्या साटूने विचारलं, दोनदा सगळं पुसून लिहिलं ते उगाचच का. निमिया हो म्हणाली. न्या साटूने वही मिटली, रुमाल झटकला, शालीवरचे कण वेचले.

"पहिल्यांदा पुसलं तेव्हा रडले होते," ती सावकाश म्हणाली. "दुसऱ्यांदा लिहिताना कळायला लागलं. तरी पण, प्रोफे, एकदा येऊन बसायचं होतंत."

निमियाने मान हलवली. मग तिने नव्या तक्त्याची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून आणली आणि दोघींनी मिळून ती नवव्या मशीनवर चढवली. दिवंगत नवरा पुन्हा नोंदवला. दहा वाजून एकावन्न, वर आणि खाली सारखंच.

डॉन एवेलियोंच्या खोलीत नेहमीप्रमाणे तेरेरे, बर्फाच्या पाण्यातला हिरव्या पानांचा काढा, चाललं होतं. बाहेर शाल घ्यावी असा गारवा, तरी थर्मासात बर्फ. त्यांनी गुआम्पा, म्हणजे तेरेरेचा पेला, भरून तिच्याकडे सरकवला आणि यादीसाठी हात पुढे केला. चौथं नाव खोडलेलं बघून त्यांनी चष्मा वर केला. तिने कारण सांगितलं.

घड्याळं त्यांनीच लावली होती. त्या सोमवारी लोक सकाळपासून कटकट करत होते, तेव्हा एका तासात सोळा मशीनं सरळ केली, त्यात काय बिघडलं, असं त्यांनी विचारलं. निमिया म्हणाली की तुमचं काही बिघडलं नाही. तिने गुआम्पा ओढून रिकामा केला, परत दिला आणि ग्रासियास, म्हणजे आभार, असं म्हटलं. हे म्हटलं की पुढच्या फेरीत आपल्याला धरायचं नसतं.

"एकच?" ते म्हणाले. "बरं. आता हे त्या बाईला सांगत बसू नकोस. उद्यापासून प्रत्येक जण स्वतःची चूक मशीनच्या माथी मारेल."

"सांगून आले."

त्यांनी सुस्कारा टाकला, यादीवर शिक्का मारला. मग नेहमीचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. सात वर्षांत एकदा चुकलीस, म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस.

"सापडली एकदा," निमिया म्हणाली. "झाल्या किती, ते मला माहीत नाही."

आधीच्या याद्या त्यांच्या मागच्या कपाटात होत्या. दर यादीत तीन, चार, पाच नावं, आणि त्यातले कितीतरी जण तिला म्हणाले होते की आम्ही काही बदललं नाही. त्यांचे चेहरे तिला आठवेनात. खुर्च्यांच्या पाठी आठवत होत्या.

"तर ऑगस्टच्या तुकडीला तुझंच नाव लिहितो," डॉन एवेलियो कागदावर वाकून म्हणाले. "काय?"

खिडकीतून सोळा मशीनांची खोली दिसत होती. कुणीतरी हात वर केला होता आणि तो तसाच वर धरून बसला होता.

"नका लिहू, डॉन एवेलियो," निमिया म्हणाली. "ऑगस्टला मी येणार नाही."