नारळाची शेंडी आणि सात ओळी

मी देवळांचे फोटो काढतो असं आमच्या चकलांब्यात सगळ्यांना वाटतं. ते फोटो नसतात. यंत्र लेझरचा किरण फेकतं, तो भिंतीला लागून परत येतो आणि त्यावरून भिंत किती लांब आहे ते कळतं. असे कोट्यवधी ठिपके जोडले की अख्खं देऊळ कॉम्प्युटरात उभं राहतं. आईला हे तीनदा समजावलं. तिनं शेजारच्या विजयमालामावशीला सांगितलं, "फोटोच काढतंय रविराज, पण लई हळू."

मागच्या वर्षी धारूरच्या डोंगरातल्या एका गावात महादेवाच्या देवळाचं काम आलं. आठशे वर्षांचं काळ्या दगडाचं देऊळ. गावाला तिथं नवं, मोठं, सिमेंटचं बांधायचं होतं. पाडण्याआधी नोंद करून ठेवा, असं एका संस्थेनं आम्हाला सांगितलं. म्हणजे काम साधारण पोस्टमॉर्टेमचं. फरक एवढाच की पेशंट अजून उभा होता आणि त्याची रोज दोन वेळा पूजा व्हायची.

ती पूजा करणारे रेवणप्पा. सत्तर वर्षांचे, बारीक, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. मी पेटी उघडायच्या आतच त्यांनी मला हाताला धरून गाभाऱ्याच्या दाराशी नेलं. तिथं भिंतीत कमरेच्या उंचीवर एक काळा, तेलकट, चकचकीत दगड होता.

"सात ओळी हायत," ते म्हणाले. "माझ्या पूर्वजाचं नाव हाय ह्याच्यात. चंद्र-सूर्य हायत तंवर ह्या देवाची सेवा आमच्या घराकडं, असं लिवलंय."

मी वाकून बघितलं. दगडात मला फक्त माझं नाक दिसलं.

"कुणी वाचलंय का, काका?"

"आज्याच्या टायमाला एक मास्तर आलते. त्यांनी वाचलतं. आज्यानं बाला सांगितलं, बानं मला."

"मास्तरांनी कुठं लिहून नाही ठेवलं?"

"कावून लिवायचं? दगडावर लिवलंय की."

मी परत पेटीकडं गेलो.

कमिटीचे अध्यक्ष आप्पाराव. गडी सरळ. त्यांचं म्हणणं त्यांनी मला चहा पाजून सांगितलं. नव्या देवळाला नवा पुजारी ठेवायचा, बाहेरून, शिकलेला, माईकवर आवाज चांगला असलेला. "पण रेवणप्पा म्हणतेत, दगडात नाव हाय. मी म्हणलो, दाखवा. सोमवारी बैठक हाय. नाव निघालं तर नव्या देवळात बी तेच, मरंस्तवर, मी सोता हार घालतो. न्हाई निघालं तर न्हाई. काय चुकतंय का माझं, इंजिनियर साहेब?"

मी इंजिनियर नाही, आयटीआय आहे. पण त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याचाच पुढं त्रास झाला.

दरम्यान चूक मी केली. रेवणप्पांना म्हणालो, "काका, काळजी करू नका. डोळ्याला दिसत नसलं तरी ह्या यंत्राला दिसतं. केसाएवढी खाच असली तरी सापडते." ते ऐकून त्यांनी यंत्राला नमस्कार केला. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "नक्की सापडेल."

पहिला दिवस बाहेरून स्कॅन करण्यात गेला. त्यासाठी आम्ही देवळाभोवती पांढरेशुभ्र गोळे मांडतो. ते बघून यंत्राला कळतं की आपण कुठं आहोत. मी जेवायला गेलो. परत आलो तर महादेवाच्या दारातल्या सहाही पांढऱ्या गोळ्यांना हळद-कुंकू लागलेलं, दोघांवर बेल, एकापुढं फोडलेला नारळ. रेवणप्पांच्या बायको नीलाबाई तिसऱ्याला अगरबत्ती ओवाळत होत्या.

"मावशी, हे देव नाहीत."

"तुला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या.

कॉम्प्युटरनंही त्यांचीच बाजू घेतली. त्यानं सहाच्या सहा गोळे ओळखायला नकार दिला. सगळं पुसून पुन्हा केलं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, शिलालेखाची पाळी. त्याला हातात धरायचा वेगळा छोटा स्कॅनर असतो. मी गेलो तर रेवणप्पा दगडापुढं मांडी घालून बसलेले. एका हातात नारळाची शेंडी, शेजारी राखेची वाटी. अंगातून घाम निथळत होता.

"काका, काय करताय?"

"तुमच्यासाठी साफ करून ठिवलं. तसं दर सोमवारी घासतोच. शेंडीनं, राख लावून. मग तेल. आज्यानं लावून दिलेला नेम हाय. मास्तर म्हणलते ना, लेख जपा. म्हणून आज्या घासायचा, बा घासायचा. एक सोमवार चुकला न्हाई."

"सकाळधरनं घासतेत," नीलाबाई म्हणाल्या. "राख सपली, तवा माझ्या चुलीतली काढून न्हेली."

मला तेव्हाच शंका आली. पण मी स्कॅन केला. चाळीस मिनिटं. मग लॅपटॉप देवळाच्या पायरीवर ठेवला आणि पडद्यावर दगडाचा रंग काढून टाकला, म्हणजे फक्त खाचा उरतात.

खाचा होत्या. हजारोंनी होत्या. डावीकडून उजवीकडं जाणाऱ्या बारीक कमानी, एकीवर एक, सगळ्यांचा बाक एकच, माणसाचा हात कोपरातून फिरतो तसा. मधे दगड उथळ ताटासारखा खोल गेलेला. एक पूर्णांक आठ मिलिमीटर. अक्षरं साधारण तेवढीच खोल असतात. असायची. डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या आडोशाला, जिथं शेंडी पोचत नव्हती तिथं एक अक्षर शिल्लक होतं: श्री. जे प्रत्येक शिलालेखावर असतं, आणि प्रत्येक लग्नपत्रिकेवर, आणि बऱ्याच ट्रकवर.

"वाचा की," रेवणप्पा म्हणाले.

"काका, नाही राहिलं."

"म्हंजी?"

"घासून गेलं. तिघांच्या हातानं."

ते वाकून पडदा निरखू लागले. बेल विकायला बसलेली बाई उठून गेली, एक कुत्रं येऊन राखेच्या वाटीचा वास घेऊन गेलं.

"ह्या रेघा कशाच्या?"

"घासल्याच्या. दगडाच्या खालच्या भागातल्या तुमच्या. त्याच्या वरच्या तुमच्या वडलांच्या असतील. ह्या सगळ्यात वरच्या... तुमचे आजोबा उंच होते का?"

"लई उंच." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, हळू, गरम भांड्यावर ठेवावं तसं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि मला ते बघवेना. "म्हंजी हायेत की आमी दगडात! तिघं बी!"

सोमवारी त्यांनी कमिटीपुढं तो कागद ठेवला. मी मोठा रंगीत प्रिंट काढून दिला होता. तेवढंच माझ्या हातात होतं. आप्पारावांनी चष्मा लावून कागद सरळ धरला, आडवा धरला.

"रेवणप्पा, ह्यात नाव कुठाय?"

"नाव न्हाई. पर ह्यो माझा आजा हाय. ह्यो बा. ह्यो मी."

"ही तर घासणी हाय, काका. माझ्या घरच्या कढईवर बी अशीच हाय. म्हणून काय आमच्या हिला पुजारी करायचं?"

अख्खी बैठक हसली. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं, हसू तोंडातून निघून गेलं. रेवणप्पांनी फक्त माझ्याकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग दगड किती झिजलाय ते मला विचारलं गेलं, मी एक पूर्णांक आठ मिलिमीटर असं सांगितलं, आणि ठराव झाला.

देऊळ दिवाळीनंतर पाडलं. तो दगड नव्या देवळाच्या पायाच्या भरावात गेला, लेखाची बाजू खाली. माझ्याकडं त्याची फाईल आहे. ती अजून कुणी मागितलेली नाही.

ह्या श्रावणात नव्या देवळाचं उद्घाटन झालं आणि व्हिडिओ काढायला मलाच बोलावलं; यंत्रवाला म्हणून. नव्या पुजाऱ्याचा माईकवरचा आवाज खरंच चांगला आहे. आप्पारावांनी रेवणप्पांनाही वाऱ्यावर सोडलं नव्हतं. झाडलोट आणि पुसापुशीचं काम दिलं होतं. दारातच, कमरेच्या उंचीवर, पांढऱ्या मार्बलचा देणगीदारांचा फलक होता. दोनशे अकरा नावं, पहिलं आप्पारावांचं.

सोमवार होता. रेवणप्पा फलकापुढं मांडी घालून बसले होते. शेंडी, राख, सगळं तेच.

"काका, मार्बलला ओलं फडकं पुरतं."

"तुला हिशेब येतो ना?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "मागं तू सांगितलतं, किती घासलं की किती जातं. ह्ये जायला किती वरसं लागतील?"

मी फलकावरून बोट फिरवलं. अक्षरं एक मिलिमीटर. मार्बल काळ्या दगडाहून बराच मऊ.

"तीस."

"आन् जोरात घासलं तर?"

"पंचवीस."

ते एकाहत्तरचे. एकच मुलगी, कावेरी, ती लातूरला नर्स आहे. वजाबाकी दोघांचीही मनात झाली असणार.

"मास्तर म्हणलते तसंच करतोय," ते म्हणाले. "जपतोय."

त्यांनी शेंडी राखेत बुडवली आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.