कोरड्या दगडाचा प्रबंध

रविवारी सकाळी दादा मोरीत अंग धूत होता आणि पाणी पांढरं वाहत होतं. फरशीच्या कारखान्यात तो अठरा वर्षं कटर चालवत होता. पाण्याने दगडावरची खडूची खूण पुसली जाते, म्हणून तिथे सगळे कोरडंच कापत. वहिनी त्याचे कपडे झटकत होती. धाकटी बहीण टेबलाशी बसून त्याच कारखान्यावरचा प्रबंध लिहीत होती.

पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, दगड कोरडा कापू नये. धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही.

पहिल्या वाचनात कळलेलं वाक्य पुन्हा लिहायचं, अशी विद्यापीठातल्या तिच्या विभागाची रीत होती. मार्गदर्शक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनाही असंच शिकवलं गेलं होतं.

"हे कुणालाही कळेल," ते म्हणाले.

"मग चूक काय, सर?"

"परीक्षक विचारतील, यात संशोधन कुठंय?"

तिने ते बदललं. 'शुष्क-छेदनजन्य कणोत्सर्जन आणि श्वसनसंस्थात्मक अपक्षय यांतील सहसंबंध लक्षणीय आढळतो.' परीक्षकांनी या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं.

दादाने प्रबंधाला कव्हर घातलं आणि कारखान्यात नेऊन दाखवला. आमच्या पंडितेने आपल्यावर पोथी लिहिलीय, असं सांगत फिरला. घरी येऊन छान लिहिलंयस म्हणाला. त्याला कळलं, असं ती धरून चालली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

अडीच वर्षांनी त्याला जिना चढवेना. डॉक्टरांनी तीन वाक्यांत सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर दोघं बसली.

"तुला ठाऊक होतं?"

"लिहिलं होतं, दादा. चौथ्या प्रकरणात."

"वाचलं मी ते. दोनदा."

"मग विचारलं का नाहीस?"

"वाटलं, आपलीच अक्कल कमी." तो रागावला नव्हता.

सात महिन्यांनी तो गेला. तेराव्या दिवसानंतरच्या सोमवारी ती कारखान्यात गेली. कटर बंद करायला लावून तिने सगळं साध्या शब्दांत सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मग दादाच्या शेजारच्या कटरवरचा म्हातारा म्हणाला,

"ताई, हे तेव्हाच असं का नाही लिहिलंत?"

विभागाची रीत, परीक्षक, परिभाषा, सगळी उत्तरं तिच्या तोंडाशी आली.

"मला हुशार दिसायचं होतं," ती म्हणाली.