एका वेळी एकच बदल

सासूबाईंनी डबा उघडला, चिमूटभर काढून जिभेच्या टोकावर ठेवलं आणि मगच चहात दोन चमचे घातले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेल्या सुनेनं ते पाहिलं. ही चाखायची सवय अलीकडचीच.

“आलं का गं त्यांचं उत्तर?”

“नाही अजून. आई, ते पगारी नोकर नाहीत. आपापली कामं सांभाळून हौसेनं करतात.”

“फुकट? मग घरचे ओरडत नाहीत त्यांना?”

सून हसली.

नजर अधू झाल्यापासून सासूबाईंना पडद्यावरचा मजकूर एक प्रोग्राम वाचून दाखवत असे. कुठकुठल्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेला. कुणीही वापरावा, जमेल त्यानं सुधारावा. महिन्यापूर्वी त्याची नवी आवृत्ती आली आणि अवतरणचिन्हांतला मजकूर तो गिळू लागला. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीची लांबलचक पत्रं यायची, आणि कोण कुणाला काय म्हणालं याशिवाय त्यांत दुसरं काही नसायचंच.

“‘विहीणबाई तोंडावर म्हणाल्या,’ एवढं सांगतो आणि पुढचं गाळतो मेला!”

सून प्रोग्रामरच. चूक तिला तासाभरात सापडली. एका ओळीची होती. पण ती ओळ ज्या फाईलीत होती, ती इतकी अस्ताव्यस्त, की तिच्यानं राहवेना. तिनं सगळी फाईल लावून काढली, सारखं सारख्याजवळ, कसं नीटनेटकं, आणि दुरुस्तीसकट पाठवून दिली. पुढची आवृत्ती शुक्रवारी निघणार होती. ती हुकली, तर बहिणीची पत्रं आणखी चार महिने मुकी.

लॅपटॉप किणकिणला.

“आलं. कासवाचं आहे.”

“कासव?”

“नेटवर हेच नाव घेतलंय त्यानं. ती फाईल तोच सांभाळतो.”

तिनं मनातल्या मनात वाचलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

“मदत करायला जावं तर...”

“मोठ्यानं वाच की. आता तूही गाळायला लागलीस?”

सुनेनं घसा साफ केला.

“‘तुमची दुरुस्ती अचूक आहे. आम्हाला दोन आठवडे सापडत नव्हती, मनापासून आभार. तेवढी एक ओळच पुन्हा पाठवाल का? शुक्रवारी नक्की घेतो. बाकीच्या तीनशे ओळी मात्र होत्या तिथेच राहू द्या. तुमची मांडणी जास्त नेटकी आहे, मान्य. पण मला दिसत नाही. मी फाईल ऐकतो, आणि कुठे काय आहे ते नऊ वर्षांत पाठ झालंय. काल सकाळपासून तुमचा बदल ऐकतोय आणि माझ्याच घरात ठेचकाळतोय. पुढच्या वेळी हलवण्याआधी विचाराल ना?’”

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

“भला माणूस आहे,” त्या म्हणाल्या. “ओरडला नाही.”

“आधी विचारा, एका वेळी एकच बदल, असं त्यांच्या नियमांत पहिलंच लिहिलंय. मी वाचलंच नाही.”

“अगं, तू चांगलंच करायला गेलीस.”

सासूबाई चहा ढवळत होत्या. तो केव्हाच ढवळून झाला होता.

सुनेनं तीनशे ओळी जुन्या जागी नेल्या. एक ओळ उरली. खाली तिनं लिहिलं, ‘कळलं. यापुढे विचारीन,’ आणि पाठवून दिलं. मग चमच्याच्या आवाजानं तिची नजर सासूबाईंकडे आणि तिथून डब्यांच्या फळीवर गेली.

गेल्या महिन्यात सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या, तेव्हा तिनं सगळे डबे घासूनपुसून उंचीप्रमाणे लावले होते. प्रत्येकावर बारीक अक्षरांत छापलेली चिठ्ठी. घरी आल्यावर सासूबाईंनी डब्यांवरून हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, “छान केलंस हो.”

सून उठून फळीशी उभी राहिली.

“आई, साखर आधी कुठे असायची?”

चमचा थांबला.

“डावीकडून तिसरी. पण राहू दे गं आता, जमतं मला. बाकी सगळं वासावरून कळतं.” त्यांनी एक घोट घेतला. “साखरमिठालाच तेवढा वास नसतो.”

सुनेनं डावीकडचा तिसरा डबा उतरवला. जागा रिकामी झाली.

“आणि मीठ?”