कोरडघाशाची कैफियत

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणावं का, याची मला शंकाच आहे. माझ्या पोटात पाणी ओतणाऱ्यांतलेच तुम्ही! तरी ऐका.

मी गुहागरच्या गंगाकाकींच्या खानावळीतलं भांडी घासायचं यंत्र. पाणी लागत नाही म्हणून काकींनी माझं नाव ठेवलं कोरडघाशा. माझ्या पोटात करवंटीचा बारीक भुगा असतो. गरम वाऱ्याच्या झोतानं तो ताटांवर आपटतो आणि खरकटं खरवडून काढतो. तो भिजला की त्याचा लगदा होतो आणि मी बंद पडतो.

वैशाखात काकींच्या विहिरीचा तळ दिसतो. भांड्यांचं पाणी वाचलं तर भाताला उरेल आणि खानावळ चालू राहील, म्हणून काकींचा भाचा दर्शन यानं मला आणलं. "मावशी, ताट कोरडंच आत जायला हवं," असं त्यानं बजावलं.

सुरुवातीला गिऱ्हाइकं माझं कौतुक करत. पण भांडी घासणाऱ्या कमळेच्या मनात मी सवतीसारखा सलत होतो.

"उष्टा ताट इसाळल्याबिगर ठेवू? माझा हात धजत नाय, काकी."

"अगो, पाणी वाचावं म्हणून तर आणलाय ना त्याला!" काकी ओरडत. पण सासूच्या हाताखाली वाढलेल्या त्या. खरकटं ताट विसळल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसे. कमळा ताटांवर हळूच पाणी मारायची आणि काकी तोंड फिरवून भाजी चिरत बसायच्या. ढोंगी कुठल्या!

पोटात लगदा साचत गेला. मी घरघरू लागलो, तर मला थपडा! "मेल्याला दोन थेंब सोसत नाहीत!" असं वर ऐकवत. अहो, थेंब कसले, तांबेच्या तांबे होते ते!

एका दुपारी गिऱ्हाइकं भाताची वाट बघत पानावर बसली होती. विहिरीतून गढूळ पाण्याची शेवटची कळशी निघाली होती, ती भातासाठी झाकून ठेवलेली. कमळेनं सवयीनं तीच ताटांवर ओतली. मी खाडकन बंद पडलो, भात शिजलाच नाही, माणसं उपाशी उठली. त्या दिवसापासून खानावळ बंद आहे. कमळा दाभोळला कोळंबी सोलायला जाते. खापर मात्र माझ्याच माथी!

दोघींची मला अजून चीड येते. पण पडवीत पडून पडून माझं पोट आता सुकलंय. उद्या दर्शन येणार आहे. विहिरीत रोज चार कळशा पाणी झिरपतं; मी सुरू झालो तर ते भाताला पुरेल, खानावळ उघडेल, कमळा परत येईल. मित्रांनो, हात जोडून नाही, दरडावून सांगतो: ज्याला जे सोसत नाही, ते त्याच्यावर मायेनंसुद्धा ओतू नका.

आज काकींना माझी दया आली. "उद्या दर्शन यायचाय, बिचाऱ्याला आतून स्वच्छ करून ठेवते," असं म्हणत त्यांनी पदर खोचला आणि माझं झाकण उघडलं.

त्यांच्या हातातलं फडकं ओलं होतं.